विमानभयावरील अभ्यासक्रम : दारू सोडलेल्या प्रवाशाचे मत
दारू सोडल्यानंतर विमानात बसण्याचा जुना आधार उरला नाही, म्हणून विमानभयावरचा हा ऑनलाइन अभ्यासक्रम मी घेतला. त्यातला निवृत्त वैमानिकाने शिकवलेला भाग सर्वांत मोलाचा आहे : हेलकाव्यांत पंखांची टोके वरखाली होतात ती पंख मुद्दाम लवचिक बनवलेले असल्यामुळे, आणि उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनांचा आवाज उतरतो तो त्यांचा जोर ठरवून कमी केला जातो म्हणून, हे कळल्यावर छातीत धस्स होणे बरेच कमी झाले. श्वास सावकाश सोडण्याचा सरावही उपयोगी पडला. मात्र एक उणीव मला गंभीर वाटते. शामक गोळीचा पर्याय सुचवताना, बेंझोडायझेपिन गटातील गोळ्यांची सवय लागू शकते आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाने आपला पूर्वेतिहास डॉक्टरांना आधी सांगायलाच हवा, याचा साधा उल्लेखही तेथे नाही. पेयांची गाडी आसनाशेजारी येऊन थांबते, त्या क्षणाविषयीही अभ्यासक्रम काहीच सांगत नाही. त्यासाठी, मला मद्य विचारू नये, अशी विनंती मी विमानात शिरतानाच कर्मचाऱ्यांना करतो आणि व्यसनमुक्तीच्या वाटेवरील सोबत्याशी उड्डाणापूर्वी फोनवर बोलून घेतो.