मंदीत विकायला निघालेला धंदा: माझी फसवणूक कशी झाली

मंदीत धंदे स्वस्तात मिळतात, हे खरं आहे. स्वस्त का मिळतात, हे मात्र विकणारा सांगेल तेवढंच आपल्याला कळतं. मी लेबलं आणि खोकी छापणारं एक छोटं युनिट विकत घेतलं. विकणारे गृहस्थ वयस्कर, सभ्य, कधी आवाज न चढवणारे. माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे एकच उत्तर असायचं: "ताई, धंदा चांगलाच आहे, काळ वाईट आहे." विक्री का घटली? मंदी. कामगार का सोडून गेले? मंदी. उधारी का अडकली? तीही मंदीमुळेच. हे उत्तर पटतं, कारण ते अर्धं खरं असतं. आजूबाजूला सगळेच रडत असताना एकाचंच रडणं खोटं आहे, हे ओळखायचं कसं?

तेजीत कोणी तोट्यातला धंदा विकायला काढला, तर घेणारा पहिल्याच भेटीत विचारतो की सगळे कमावत असताना तुम्हीच का बुडताय. मंदीत हा प्रश्न कोणाच्या तोंडी येत नाही. फसवणारा नेमका त्याचाच फायदा घेतो. म्हणून असा धंदा बघायला जाल तेव्हा मंदीची वर्षं बाजूला ठेवा आणि मंदी यायच्या आधीचे आकडे मागा. तेही नुसती एकूण विक्री नको, ग्राहकवार हवी. मला तीन वर्षांची एकूण विक्री दाखवली होती. ग्राहकवार यादी मागितली, तेव्हा "ते हिशेबनीस बघतो, देतो" असं सांगून शेवटपर्यंत दिली नाही.

ती का दिली नाही, हे व्यवहार झाल्यावर कळलं. जवळजवळ निम्मं काम एकाच ग्राहकाचं होतं. नवी मालक म्हणून ओळख करून द्यायला मी त्यांच्या खरेदी विभागात गेले, तेव्हा तिथल्या माणसाने सरळ सांगितलं, "आम्ही स्वतःची मशीन घेतलीय. तुमच्या आधीच्या मालकांना लेखी कळवलं होतं." ते पत्र मंदीच्या आधीचं होतं. म्हणजे धंदा काळामुळे बसला नव्हता, ग्राहक गेल्यामुळे बसला होता, आणि तो परत येणार नव्हता. मंदी ओसरल्यावरही.

व्यवहार होईपर्यंत ग्राहकांशी बोलायचं नाही, अशी विक्रेत्याची अट होती. "बातमी फुटली तर ग्राहक पळतील." या अटीत गैर काही नाही, बरेच प्रामाणिक विक्रेतेही ती घालतात. पण पहिल्या चार-पाच मोठ्या ग्राहकांशी बोलणं झाल्याशिवाय शेवटची सही आणि शेवटचं पेमेंट होणार नाही, हे करारात लिहून घेता येतं. त्याला जो ठाम नकार देईल, त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे असं मी आता सरळ धरते.

विकण्याआधीच्या काही महिन्यांत विक्री थोडी वर गेलेली दिसत होती. "बघा, सावरतंय," असं मध्यस्थ म्हणाला. (मध्यस्थाचं कमिशन सहसा विक्रेत्याकडून येतं आणि व्यवहार झाला तरच येतं. त्याच्या उत्साहाचा हिशेब लावताना हे लक्षात असू द्या.) प्रत्यक्षात साध्या छापील पिशव्या आणि खोकी होलसेलरांच्या गोदामात नेऊन टाकली होती. न विकलेला माल परत घेऊ, असा तोंडी शब्दही दिला होता. बिल फाडलं की विक्री दिसते. माल परत आला की क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याची चिठ्ठी, काढावी लागते, आणि त्या सगळ्या माझ्या वाट्याला आल्या. बिलांच्या फायलीवरून काही ठरवू नका. बँकेत खरोखर किती पैसे जमा झाले ते बघा, आणि ताज्या तारखेपर्यंतच्या क्रेडिट नोटा मागा.

नफ्याचा आकडाही असाच फुगवलेला होता. छोट्या धंद्यात मालकाचे घरगुती खर्च हिशेबात मिसळलेले असतात, म्हणून विकताना ते वजा न धरता "खरा नफा" काढून दाखवायची पद्धत आहे. गाडी, फोन इथवर ठीक. इथे मालकाच्या पत्नीचा पगारही "नावापुरता" म्हणून नफ्यात मिळवला होता. त्या बाई रोज येऊन ऑर्डरी घेत होत्या, वसुली करत होत्या, हिशेब लिहीत होत्या. त्यांच्या जागी मला पगारी माणूस ठेवावा लागला. मशीनच्या देखभालीचा खर्च दोन वर्षं जवळजवळ शून्य दिसत होता, मी त्याला काटकसर समजले. रोलर झिजलेले होते, रंग एकसारखा बसत नव्हता. न केलेली दुरुस्तीच त्यांच्या हिशेबात नफा म्हणून आली होती.

मालाच्या साठ्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे गेले. किंमत ठरवताना साठ्याचे पैसे वेगळे धरले होते. मोजणी झाली, यादी जुळली, संख्येत एकाही गठ्ठ्याची चूक नव्हती. पण संख्या बरोबर असणं म्हणजे किंमत बरोबर असणं नव्हे. तयार मालातल्या मोठ्या भागावर ग्राहकांची नावं छापलेली होती. एखाद्याचं नाव छापलेलं खोकं त्याच्याखेरीज जगात कोणीही घेत नाही, आणि त्यातले काही ग्राहक डिझाइन बदलून मोकळे झाले होते. चिकट लेबलांच्या कागदाला मुदत असते, डिंक जुना झाला की लेबल बाटलीवर टिकत नाही. ती रिळं यादीत खरेदीच्या भावाने होती. मागच्या रांगेतल्या गठ्ठ्यांत वरचे कागद कोरे आणि खालचे ओल लागून लहरी आलेले. रद्दीवाल्याने मात्र एकदा हात फिरवला आणि लगेच भाव सांगितला.

ही युक्ती जुनी आहे. १९३८ साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीच्या हिशेबात अस्तित्वातच नसलेला माल दाखवल्याचं उघड झालं. त्यानंतर साठा समक्ष तपासणं आणि येणी देणेकऱ्यांना विचारून पडताळणं तिथल्या ऑडिटरांवर बंधनकारक झालं. समक्ष बघूनही फसतातच. अमेरिकेतल्याच १९६३ च्या खाद्यतेल घोटाळ्यात टाक्यांमध्ये बहुतेक पाणी होतं आणि वर तेलाचा थर तरंगत होता. तपासणारे वरून बघून पावत्या देत राहिले आणि त्या पावत्यांवर कर्जं उचलली गेली. माझे गठ्ठे त्याच जातीचे. गठ्ठा मधून फोडा, तळाचा काढा, आणि प्रत्येक मालापुढे तो शेवटचा कधी विकला गेला ती तारीख लिहून घ्या. वर्षभर न हललेल्या मालाची किंमत रद्दीच्या भावाने धरा.

बँक खात्यात शिल्लक बरी दिसत होती. ती पुरवठादारांचे पैसे थकवून आणि ग्राहकांकडून आगाऊ रकमा घेऊन उभी केलेली होती. आगाऊ रक्कम खर्चून झाली होती, काम करून द्यायचं राहिलं होतं. ते मी केलं, फुकट.

हे सगळं माझ्या गळ्यात पडायचं कारण म्हणजे व्यवहाराची पद्धत. "कंपनीच अख्खी घ्या, परवाने, जागेचा भाडेकरार, सगळं आपोआप चालू राहील," असं मला सुचवलं गेलं. ते खरंही आहे. पण शेअर घेऊन कंपनी घेतली की कंपनी तीच राहते, फक्त मालक बदलतो. जुना कर, जुने दावे, जुनी थकबाकी सगळं आत तसंच. फक्त मशीन, माल आणि नाव विकत घेतलं तर बरीचशी जुनी देणी मागे राहतात. सगळी नाहीत. उदाहरणार्थ युरोपीय संघात २००१ च्या निर्देशानुसार चालू धंदा हस्तांतरित झाला की सर्वसाधारणपणे कामगारांच्या करारातली देणी नव्या मालकाकडे येतात. आणि मशीनवर कोणाचा बोजा आहे का, हे विक्रेत्याला विचारून थांबू नका. बऱ्याच देशांत तारणाची सार्वजनिक नोंद असते, ती स्वतः काढा. माझ्या दोन मशीनांपैकी चांगली होती तीच वित्त कंपनीकडे गहाण निघाली.

वकिलाकडे गेले तेव्हा त्यांनी करारातली दोन कलमं दाखवली. एक, धंदा "जसा आहे तसा" घेतला आहे. दुसरं, करारात लिहिलेल्या गोष्टींपलीकडे कोणतंही आश्वासन दिलेलं नाही. म्हणजे "ताई, धंदा चांगलाच आहे" याची कागदावर किंमत शून्य. फसवणूक सिद्ध झाली तर मार्ग आहे, म्हणून त्या मोठ्या ग्राहकाच्या पत्राची प्रत मिळवली आणि दावा त्यावर उभा केला. विक्रेत्याने पुन्हा हाच धंदा करायचा नाही असंही कलम होतं, पण ते त्यांच्या एकट्याच्या नावाने. त्यांच्या मुलाने छपाईचं काम सुरू केलं आणि उरलेले दोन चांगले ग्राहक तिकडे गेले.

एवढ्या व्यवहारात माझ्या बाजूला राहिली ती एकच गोष्ट, शेवटचा हप्ता. बँकेला द्यायचे आहेत म्हणून विक्रेत्याला सगळी रक्कम आधी हवी होती, पण माझ्या भावाने हट्टाने एक भाग सहा महिन्यांनी द्यायचा, असं लिहून घेतलं. कामगारांचे थकलेले पगार आणि कागदवाल्याचं देणं त्यातूनच फेडलं. पुन्हा असा व्यवहार केला तर निम्मी रक्कम तरी मागे ठेवेन किंवा तिसऱ्याकडे अनामत ठेवेन. सध्या त्या हप्त्यासाठी गृहस्थांनी मलाच व्याजासकट नोटीस पाठवली आहे. वकिलांच्या मते उत्तर देणं सोपं आहे, कारण कोणतं देणं किती फेडलं त्याची प्रत्येक पावती मी जपून ठेवली आहे.