फ्लोट टँकची चार सेशन्स झाली, जसं झालं तसं लिहितेय

आई गेली त्याला आता दीड वर्ष होईल. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात ठाण मांडून बसलाय, की माणूस जातो म्हणजे नक्की काय जातं, आणि मग आपण जे रोज धावतोय ते कशासाठी. या प्रश्नाला मला दोन तयार उत्तरं मिळाली. श्रद्धा असलेले म्हणाले आत्मा अमर आहे, रडू नकोस, ती चांगल्या ठिकाणी आहे. विज्ञान मानणारे मित्र म्हणाले मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की जाणीव थांबते, बाकी सगळी मनाची समजूत. दोघंही मायेनेच बोलत होते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण मला प्रश्न धड विचारूही दिला नाही कुणी. मी तोंड उघडायच्या आत विषय संपवलेला.

मग मी आपली इकडेतिकडे शोधायला लागले. ध्यानाची ॲप्स झाली, श्वासाचा एक कोर्स झाला, पूर्वजन्मावरची व्याख्यानं ऐकून झाली, आणि त्यातच एका मैत्रिणीने फ्लोट टँकचं सांगितलं. हा रिव्ह्यू त्याचाच. सेंटरचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण तक्रारीही आहेत, पण टँक सगळीकडे साधारण सारखाच असतो त्यामुळे जो जाणार असेल त्याला उपयोग होईल.

आधी प्रकार काय आहे ते सांगते. माणूस हातपाय पसरून झोपू शकेल एवढी बंद पेटी, त्यात जेमतेम वीतभर पाणी, आणि त्या पाण्यात ४०० ते ५०० किलो एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट विरघळवलेलं. एवढं मीठ असल्यामुळे पाणी आपल्यापेक्षा कितीतरी जड होतं आणि आपण बुडायचं म्हटलं तरी बुडत नाही, पोहता येत नसेल तरी चालतं. पाणी कातडीच्या तापमानाला ठेवतात, ३४ ते ३५ अंश सेल्सियसच्या दरम्यान. झाकण लावलं, दिवा बंद केला, की अंधार आणि शांतता. दहा-पंधरा मिनिटांनी पाणी कुठे संपतं आणि आपण कुठे सुरू होतो हेच कळेनासं होतं, हे जाहिरातीतलं वाक्य वाटेल पण खरंच तसं होतं, मी बोट हलवून बघितलं तेव्हाच कळलं की बोट तिथे आहे.

हे खूळ नव्या जमान्याचं आहे असं मला वाटायचं, तर तसं नाही. १९५४ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये जॉन लिली नावाच्या डॉक्टरने हा टँक पहिल्यांदा केला. तेव्हा शास्त्रज्ञांमध्ये वाद होता की बाहेरून काहीच आलं नाही, ना उजेड ना आवाज ना स्पर्श, तर मेंदू झोपी जाईल की जागा राहील. लिली स्वतःच पाण्यात उतरला, तेव्हा मिठाची युक्ती नव्हती, साध्या पाण्यात तोंडावर श्वासाचा मास्क चढवून बुडून राहायचं. आणि त्याला दिसलं की मेंदू झोपत तर नाहीच, उलट आतून स्वतःचंच जग उभं करायला लागतो. पुढे १९७०च्या दशकात ग्लेन पेरी या माणसाने मिठाच्या पाण्याचे टँक विकायला सुरुवात केली आणि कंपनीचं नाव ठेवलं समाधी. ते वाचून मी थोडा वेळ थांबले, कारण आपल्याकडे हा शब्द किती जड आहे आणि तिकडे तो एका पेटीवर लावलाय.

पण मला सगळ्यात जास्त काय भिडलं ते पुढे आहे. लिली त्या अंधारात इतका खोल गेला, नंतर केटामाइन हे भुलीचं औषध घेऊनही, की विश्वातले योगायोग चालवणारी एक अदृश्य व्यवस्था आहे आणि तिचे जीव आपल्याशी बोलतात असं तो मनापासून मानायला लागला. आणि त्याच लिलीच्या टँकमध्ये रिचर्ड फाइनमन, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ, डझनभर वेळा जाऊन आले, प्रत्येक वेळी दोन-अडीच तास. त्यांनाही भास झाले, आपला 'मी' शरीराच्या मध्यापासून बाजूला सरकलाय असंही वाटलं. पण बाहेर आल्यावर त्यांचं मत असं की भास कितीही खरे वाटले तरी बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध नाही. म्हणजे टँक तोच, मीठ तेच, अंधार तोच, आणि दोन हुशार माणसं दोन टोकांना पोचली. हे मला आधी वाचायला मिळालं म्हणून बरं झालं, नाहीतर मी उत्तर मिळेल या आशेने आत गेले असते.

आता माझं.

पहिलं सेशन वाया गेलं म्हणायला हरकत नाही. आदल्या दिवशी पायाचं वॅक्सिंग केलेलं, मिठाच्या पाण्यात पाय टाकला आणि आग आग झाली, कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मग चेहऱ्यावर एक थेंब आला म्हणून ओल्या हाताने पुसायला गेले तर डोळ्यात मीठ. आत साध्या पाण्याची स्प्रे बाटली आणि छोटा टॉवेल ठेवलेला असतो, तो कुठे आहे हे दिवा बंद करायच्या आधी बघून ठेवा. मान तर पूर्ण वेळ ताठ होती, डोकं सोडून दिलं तर नाकात पाणी जाईल अशी भीती, खरं तर जात नाही पण शरीराला ते पटायला वेळ लागतो. तासभर मी फक्त कधी संपतंय याची वाट बघत होते.

दुसऱ्या वेळी मान सुटली. पण यांनी पाण्याखालच्या स्पीकरवर कसलंतरी संगीत लावून ठेवलेलं, बासरी आणि मध्येच एका बाईचा आवाज, 'तुम्ही प्रकाश आहात' वगैरे. मी मुळात शांततेसाठी आले होते. बटण शोधून बंद केलं तोवर अर्धा वेळ गेलेला. उरलेल्या वेळात एक गोष्ट मात्र कळली, की शांतता म्हणजे काही ऐकू न येणं नाही. कानात प्लग, कान पाण्याखाली, आणि मला माझं हृदय ऐकू येत होतं, नुसता ठोका नाही, ठोक्यानंतर मानेत जी बारीक सळसळ होते तीसुद्धा. श्वास आत जाताना शरीर किंचित वर येतं, सोडताना खाली जातं, तेवढीच काय ती हालचाल. इतकी वर्षं या शरीरात राहतेय आणि ही ओळख पहिल्यांदा झाली.

तिसऱ्या सेशनमध्ये ते झालं ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. किती वेळ झाला होता माहीत नाही, झोप आणि जाग यांच्या मधल्या जागेत होते, आणि माझ्या डाव्या कानापाशी आईचा आवाज आला. 'बरं, ठेवते मग.' एवढंच. आईची फोनवरची सवय होती ही, बरं ठेवते मग असं म्हणायची आणि ठेवायची नाही, त्यानंतर अजून दहा मिनिटं बोलायची, पाणी आलं का, अंगावर काढू नकोस, डॉक्टरांना दाखव. मी घाईत असायचे आणि वैतागायचे. टँकमध्ये ते वाक्य आलं आणि त्यानंतरची शांतता मला तशीच वाटली, की अजून ठेवलेला नाहीये, पुढचं बोलणं यायचंय. मी तिथे पडून किती रडले ते सांगता येणार नाही, मिठाच्या पाण्यात काय वेगळं कळणार.

बाहेर आले तर डोळे सुजलेले, रिसेप्शनवरच्या माणसाने काय झालं विचारलं, आणि मी सांगून बसले. तो लगेच म्हणाला की हा आत्म्याचा संपर्क आहे, तुमचं तिसरं नेत्र उघडायला लागलंय, आता मध्ये गॅप नको, दहा सेशन्सचं पॅकेज घ्या, त्यात पूर्वजन्माचं एक सेशन फ्री आहे. मला फार वाईट वाटलं. रागापेक्षा वाईटच वाटलं, कारण मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट त्याच्यासमोर ठेवली होती आणि त्याने तिच्यावर भाव लिहिला. ही माझी मुख्य तक्रार आणि मी ती मॅनेजरला लेखी दिलीय. रात्री एका मित्राला फोन केला, तो म्हणाला अगं झोप लागताना मेंदू असे आवाज तयार करतो, विसर. त्याचं म्हणणं बरोबर आहे, झोपेच्या उंबरठ्यावर असे आवाज खूप जणांना येतात. पण 'विसर' कशाला?

मग मी शोधलं आणि मला १९७१चा एक अभ्यास सापडला, वेल्समधल्या डेवी रीस नावाच्या एका साध्या फॅमिली डॉक्टरचा, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला. त्याने आपल्या भागातल्या २९३ विधवा आणि विधुर लोकांशी बोलून विचारलं की गेलेला जोडीदार कधी जाणवतो का. जवळपास निम्म्यांनी हो म्हटलं. कुणाला नुसतं जवळ असल्यासारखं वाटायचं, कुणाला दिसायचं, कुणाला आवाज यायचा. बहुतेकांना त्याचा आधार वाटत होता. आणि त्यातल्या बहुतेकांनी हे त्याआधी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. हे शेवटचं वाचून मला गलबलून आलं. इतकी माणसं घरोघरी हे घेऊन बसलेली, आणि बोलायची सोय नाही, कारण एकाला सांगितलं तर तो भूत म्हणणार आणि दुसऱ्याला सांगितलं तर तो आजार म्हणणार. रीसने यातलं काहीच म्हटलं नाही, त्याने विचारलं, ऐकलं आणि लिहून ठेवलं. माझ्या मते हे खरं काम आहे, आणि अर्थाचा शोध घेणाऱ्या कुणालाही याच्यापेक्षा चांगली सुरुवात मिळणार नाही.

तर तो आवाज आईचा होता का? माझ्या मेंदूतून आला हे मला मान्य आहे, दुसरीकडून कुठून येणार. पण आई माझ्या मेंदूत इतकी आहे की तिच्या वाक्यामागचा थांबासुद्धा जसाच्या तसा आहे, ही काय छोटी गोष्ट आहे? याला नुसतं 'भास' म्हणून टाकलं तर त्यातलं काहीच उरत नाही, आणि 'आत्मा आला' म्हटलं तर मी जे ऐकलं त्यापेक्षा जास्त बोलल्यासारखं होतं. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०२च्या सुमारास अशा अनुभवांबद्दल लिहिताना एक खूण सांगितली होती, की त्या क्षणी आपल्याला काहीतरी कळलं अशी पक्की भावना होते. ती भावना मला आली. पण काय कळलं ते मला आजही शब्दात पकडता येत नाही, आणि मी ते ओढूनताणून पकडणारही नाही.

चौथ्या सेशनमध्ये काही झालं नाही. आवाज नाही, चित्र नाही, पाण्यात तरंगत होते बस. थोडं वाईट वाटलं पण बाहेर आल्यावर खांदे इतके हलके होते की दोन दिवस ते जाणवलं.

आता कामाचं. आराम मिळतो का, तर हो. २०१८ साली अमेरिकेत मानसतज्ज्ञ जस्टिन फाइनस्टाइन आणि त्यांच्या टीमने अस्वस्थता आणि ताणाचा त्रास असलेल्या ५० लोकांना एक-एक तास तरंगवून बघितलं आणि त्यांची अस्वस्थता त्या वेळापुरती चांगली कमी झाली. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे 'सिद्ध झालंय' असं पोस्टरवर लिहिणाऱ्या सेंटरवर विश्वास ठेवू नका. तसंच कातडीतून मॅग्नेशियम शरीरात जातं आणि सगळे आजार बरे होतात असं सांगतात, त्याला भक्कम पुरावा नाही. क्वांटम हीलिंग, डीएनए जागृती हे शब्द भिंतीवर दिसले तर सरळ विचारा की मला फक्त पाणी, अंधार आणि शांतता मिळेल का. मिळत असेल तर जा. पाणी दोन माणसांच्या मध्ये फिल्टर करतात का हेही विचारा, चांगली सेंटर्स दाखवतात. जखम असेल, कान दुखत असेल, फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बंद जागेची भीती असेल तर झाकण उघडं ठेवून सुरुवात करता येते, आतून ते हलकंसं ढकललं तरी उघडतं, कुलूप वगैरे नसतं. आणि दुःख ताजं असेल, म्हणजे जेवण-झोप सुटली असेल, तर आधी समुपदेशकाकडे जा. मी गेले होते, सहा महिने, त्याशिवाय मी तिसऱ्या सेशननंतर एकटी घरी नीट पोचले नसते असं मला वाटतं.

रेटिंग द्यायचं तर टँकला पाचपैकी साडेचार, सेंटरला दोन. अर्धा कापला तो मिठाच्या आगीसाठी. टँकला इतके का, तर दीड वर्षात ही एकच जागा मिळाली जिने मला काहीच समजावून सांगितलं नाही. देवळात समजावलं, दवाखान्यात समजावलं, यूट्यूबवर तर रोज कुणीतरी समजावतच असतं. इथे तासभर मला आणि माझ्या प्रश्नाला एका खोलीत सोडलं आणि दार लावून घेतलं.

मॅनेजरचं उत्तर आलं, माफी मागितली, आणि पाचवं सेशन पुढच्या महिन्यात घेतलंय. संगीत नको, बाईचा आवाज नको, आणि बाहेर आल्यावर कुणी काही विचारू नये, असं बुकिंगच्या वेळीच लिहून दिलंय.