ठसे एकदाच द्यावेत की ठेवू द्यावेत?

अमेरिकेत शाळेत, पाळणाघरात नोकरी धरली किंवा मुलांमध्ये स्वयंसेवकाचं काम घेतलं, की बॅकग्राउंड चेकसाठी बोटांचे ठसे मागतात. कुठल्या पद्धतीने, ते बऱ्याचदा राज्याचा कायदाच ठरवतो. जिथे निवड संस्थेच्या हातात आहे, अशा समितीसाठी हे लिहितोय.

एकदाच तपासणी साधी असते. ठसे एफबीआयच्या नोंदींशी ताडले जातात आणि उत्तर येतं. ठेवून घ्या असं संस्थेने सांगितलेलं नसेल, तर तिथे ते जपले जात नाहीत. पण अहवाल त्या दिवसापुरताच. पुढच्या महिन्यात त्या माणसाला अटक झाली तरी संस्थेला पत्ता नसतो, आणि पुन्हा तपासायचं तर पुन्हा ठसे, पुन्हा फी.

दुसरी पद्धत ‘रॅप बॅक’. तिच्यात ठसे एफबीआयच्या एनजीआय या ठशांच्या संगणकीय यंत्रणेत राहतात. पुढे अटक होऊन पोलिसांनी ठसे पाठवले, की नोंदणी केलेल्या संस्थेकडे सूचना जाते. मुलांच्या सुरक्षेसाठी याला तोड नाही, हे मान्य. पण ठेवलेले ठसे गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या अनोळखी ठशांशीही ताडले जातात. नोकरीसाठी बोट टेकवणाऱ्या शिक्षिकेला हे कुणी नीट सांगतं का? फॉर्मवर बारीक अक्षरात असतं. आणि मुदत? माणूस ११० वर्षांचा होईपर्यंत, किंवा मृत्यूची खात्रीशीर माहिती मिळाल्यावर ७ वर्षं.

‘ग्रीन कार्डाच्या वेळी ठसे दिलेच होते की,’ असं कुणीतरी म्हणतंच. ते गृहसुरक्षा खात्याकडे असतात; त्यातून तुमच्या संस्थेला सूचना येत नाही.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. सूचना अटकेची येते, दोष सिद्ध झाल्याची नव्हे. खटला रद्द झाला तरी तो निकाल एफबीआयच्या नोंदीत चढलेला नसतो, असं सर्रास घडतं. म्हणून सूचना हाती पडताच कुणाला काढून टाकू नये. नोंद तपासून दुरुस्त करायला अवधी द्यावा. स्वतःची नोंद एफबीआयकडून १८ डॉलरमध्ये मागवता येते.

कॅलिफोर्नियात २०२२ पासून युवा संस्थांच्या नियमित स्वयंसेवकांना लाइव्ह स्कॅन (यंत्रावर बोटांचे ठसे देऊन होणारी तपासणी) सक्तीचं आहे. मुलांशी महिन्याला १६ किंवा वर्षाला ३२ तासांहून जास्त थेट संबंध आला, की तो नियमित. तिथे नंतरच्या अटकेची सूचना राज्याचं न्याय खातं पाठवतं, आणि माणूस सोडून गेला की ‘नो लाँगर इंटरेस्टेड’ (या माणसाच्या सूचना आता नकोत) हा फॉर्म संस्थेने लगेच भरायचा असतो. आपल्या मराठी मंडळांत समिती दर एक-दोन वर्षांनी बदलते. हा फॉर्म कोण भरणार?

माझं मत: वर्षभर मुलं सांभाळणाऱ्यांसाठी रॅप बॅक, तेही नावं वेळेवर काढणारा एक माणूस नेमूनच. गणेशोत्सवातल्या दोन दिवसांच्या मदतनीसांना एकदाच तपासा.