गोळी की मानेवरचे थेंब?

मांजराला हार्टवर्मचं (डासाच्या चाव्यातून शिरणारा, हृदय-फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत राहणारा जंत) औषध दर महिन्याला द्यायचं, इथपर्यंत तुम्ही आला असाल तर उरतो एकच प्रश्न: ते तोंडातून द्यायचं की कातडीवर लावायचं? तोंडातून म्हणजे आयव्हरमेक्टिनची चघळायची गोळी, नाहीतर मिल्बेमायसिनची गिळायची. कातडीवर म्हणजे मानेवर ओतायचं स्पॉट-ऑन. त्यात सेलॅमेक्टिन, मॉक्सिडेक्टिन किंवा एप्रिनोमेक्टिन असतं. सगळी एकाच कुळातली औषधं आहेत आणि नेमाने दिली तर सगळीच आपलं काम करतात. त्यामुळे यातलं जास्त जालीम कुठलं, यावर मी फार डोकं खपवलं नाही. खरा फरक आहे तो देण्याच्या पद्धतीत.

आमच्याकडे दोन मांजरं. भोंदू हा बोका आणि चिंगी ही भाटी. दोघांवर दोन्ही प्रकार वापरून झालेत. माझं माप म्हणजे या दोघांचं वागणं, बाकी काही नाही. तुमच्या मांजराचा निकाल वेगळा लागू शकतो, हे आधीच सांगून ठेवतो.

निवड करताना हा आजार मांजरात कसा लपतो ते लक्षात ठेवावं लागतं. कुत्र्यात जंत डझनांनी सापडू शकतात, मांजरात बहुतेक वेळा एक-दोनच. नेहमीची अँटिजेन तपासणी (रक्तात जंताचे अंश शोधणारी) पकडते ती प्रौढ मादी. आत एकटा नर असेल, किंवा अजून नुसत्या अळ्याच असतील, तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि आपण निर्धास्त. शिवाय मांजराला त्रास व्हायला जंत मोठा व्हावाच लागतो असं नाही. डास चावल्यावर साधारण 3 ते 4 महिन्यांत अळ्या फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत पोचतात आणि तिथे मेल्या तरी जाताना फुफ्फुसाची नासधूस करून जातात. वरून दिसतं काय, तर खोकला, धाप, अधूनमधून उलटी. दम्यासारखंच. आणि जंत झाल्यावर ते मारायचे म्हटलं तर कुत्र्यांना देतात ते मेलार्सोमिनचं इंजेक्शन मांजरांना चालत नाही, ते त्यांच्यासाठी विषारी ठरतं. मांजरातला प्रौढ जंत मारायला मान्यता असलेलं औषधच नाही.

महिनेवारी औषध डासाला अडवत नाही, पुढचा महिनाभर अंगाभोवती कवच उभं करत नाही. आज दिलेला डोस मागच्या महिन्याभरात शिरलेल्या कोवळ्या अळ्या मारतो. अळी एकदा त्या वयाच्या पुढे सरकली की या औषधाचा तिच्यावर भरवसा धरता येत नाही. म्हणजे एखादा डोस पोटात गेलाच नाही, तर ते कळायची सोय जवळजवळ नाही. पिसवांचं औषध वाया गेलं तर आठवड्याभरात मांजर खाजवून सांगतं. इथे कोणी काही सांगत नाही. आपल्या हातात एवढंच असतं: डोस गेला, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं.

आणि गोळीशी माझं बिनसलं ते नेमकं इथेच.

भोंदूला गोळी देण्याचा सोहळा असा. पाकिटाचा चुरचुर आवाज झाला की तो पलंगाखाली. तिथून काढायचा, टॉवेलात गुंडाळायचा, वरून डोकं धरून जबडा उघडायचा, गोळी जिभेच्या मुळाशी टाकायची, तोंड मिटून गळ्यावरून बोट फिरवायचं. मांजराने नाक चाटलं की गिळली, असं सगळे सांगतात. भोंदूही नाक चाटतो. अगदी भाविकपणे चाटतो. मग खाली उतरतो, दोन खोल्या पलीकडे जातो आणि गालात धरून ठेवलेली गोळी तिथे निवांत ठेवून येतो. नाव त्याने सार्थ केलंय.

सापडलेली गोळी तरी बरी, परत देता येते. खरा वैताग फेसाचा आहे. गोळी जिभेवर जरा जास्त रेंगाळली आणि कडू लागली, की मांजराच्या तोंडाला पांढरा फेस येतो. तो हनुवटीवरून गळतो, छातीच्या केसांत जातो, आणि मान झटकली की भिंतीवरही जातो. फेसात गोळीचे भुरभुरलेले कण दिसतात. आता सांगा, पोटात किती गेली? पाव? अर्धी? सगळीच? दुसरी अख्खी द्यावी तर डोस जास्त होईल का ही भीती, न द्यावी तर महिना कोरा जाईल ही भीती. व्हेटला फोन केला की तेही साहजिकच विचारतात, "किती गेली असेल अंदाजे?" तोच तर प्रश्न असतो. बायको म्हणायची, "गेली असेल रे, किती तपासशील?" असेलही. पण "गेली असेल" यावर महिना काढायचा आणि मग पुढच्या महिन्यात तेच, हे मला झेपेना. त्यात मधेच मांजर दोनदा खोकलं की मन लगेच त्या फेसाकडे जातं.

गोळीचे चुरे करून खाण्यात कालवायचा सल्ला हमखास मिळतो. आमच्याकडे त्याने एवढंच साधलं की भोंदूने त्या खाण्याकडेच पाठ फिरवली. वरचं वेष्टण फोडलं की आतला कडवटपणा बाहेर येतो आणि मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी हुशार. दोन मांजरं एका ताटलीत तोंड घालणारी असतील तर कोणाचा डोस कोणाला गेला हाही घोळ. शिवाय कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. त्यामुळे मागून सिरिंजने थोडं पाणी किंवा लगेच थोडं खाणं द्यावं लागतं. पाण्याची सिरिंज म्हणजे भोंदूच्या लेखी दुसरा हल्ला.

चिंगीच्या बाबतीत मात्र गोळीवर अन्याय करायला नको. तिला चघळायची गोळी खाऊच वाटायची. तळहातावर ठेवली की वास घेऊन कुरकुर चावून मोकळी. तुमचं मांजर असं असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. अशा मांजराला गोळीसारखं सोपं काही नाही: अंगाला चिकटपणा नाही, वास नाही, लहान मुलांनी लगेच उचलून घेतलं तरी चिंता नाही. फक्त तुकडे करून द्या, ती चावतेय ना ते बघा आणि नंतर काही वेळ तिच्यावर नजर ठेवा, म्हणजे तुकडा बाहेर पडला तर कळेल.

आता थेंब. यातही सुख नाही, पण दुःख वेगळ्या जातीचं आहे. पिपेट (औषधाची छोटी प्लॅस्टिकची नळी) उभी धरून तोडायची, मानेच्या वरच्या टोकाला, कवटी संपते तिथे, केस दोन्ही बाजूंना करून पांढरी कातडी दिसेपर्यंत भांग पाडायचा, पिपेटचं तोंड कातडीला टेकवायचं आणि दाबून रिकामी करायची. दाब सोडायच्या आधी पिपेट उचलायची, नाहीतर उरलेलं औषध परत आत ओढलं जातं. खांद्यांच्या मधोमध लावू नका, थोडं वरच लावा. मांजराची मान किती वळते याचा अंदाज आपल्याला नसतो. भोंदू जेवून पेंगत असतो तेव्हा मी हे उरकतो. त्याला कळतं तोवर झालेलं असतं.

नंतरचा भाग कंटाळवाणा. मानेवरचे केस चिकटून काटे उभे राहतात, सुकल्यावर कधी पांढरी भुकटी दिसते, आणि अल्कोहोलचा वास येतो. त्या दिवशी भोंदू माझ्याकडे पाठ करून बसतो. मला यातली सगळ्यात मोठी कटकट वाटते ती चिंगीची. तिला भोंदूची मान चाटायची हौस. ओलं औषध चाटलं की तिच्याही तोंडाला लाळ आणि फेस येणार, म्हणजे ज्यापासून पळालो तेच पुन्हा. म्हणून सुकेपर्यंत दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावं लागतं आणि दाराच्या दोन्ही बाजूंनी तक्रारी ऐकाव्या लागतात. सेलॅमेक्टिन लावल्यावर 2 तासांनी आंघोळसुद्धा चालते. मॉक्सिडेक्टिनवाल्यात पहिला अर्धा तास चाटू द्यायचं नसतं. मी दोन्हींना भरपूर सुकू देतो आणि मगच दार उघडतो. घरात लहान मूल असेल तर तोवर त्यालाही हात लावू देऊ नका.

एखाद्या मांजराची तिथली कातडी लाल होते किंवा केस थोडे झडतात. तसं वारंवार झालं तर थेंबांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

पण रिकामी पिपेट हातात असते. औषध कातडीवर पसरलेलं समोर दिसतं. थोडं केसांवर ओघळलं तर तेही दिसतं आणि पुढच्या वेळी भांग नीट पाडायचा हे कळतं. "गेली असेल" हा प्रकार संपला. माझ्यासाठी पारडं फिरलं ते यामुळे, बाकीची सगळी गणितं त्यानंतरची.

ती गणितंही थोडीफार थेंबांच्याच बाजूने जातात, निदान आमच्या घरी. सेलॅमेक्टिनमध्ये पिसवा, कानातले बारीक किडे, गोल जंत आणि अंकुश जंत यांचंही काम होतं. मिल्बेमायसिनच्या गोळीत बहुधा प्राझिक्वांटेल जोडलेलं असतं, त्याने चपटे जंत जातात, पण पिसवांना ती काही करत नाही. मांजर बाहेर उंदीर मारून खाणारं असेल तर चपट्या जंतांचा विचार करावाच लागतो. मग एकतर सेलॅमेक्टिनच्या जोडीला अधूनमधून वेगळी गोळी, नाहीतर एप्रिनोमेक्टिनचं असं मिश्रण घ्यायचं ज्यात प्राझिक्वांटेलही असतं आणि सगळं मानेवरूनच जातं. भोंदू उंदरांकडे फक्त बघतो, त्यामुळे आमचं सेलॅमेक्टिनवर भागतं.

मांजर घराबाहेर पडत नाही म्हणून दोन्ही टाळणारेही भेटतात. डास खिडकीतून येतो, त्याला मांजराने बाहेर जायची गरज नसते.

दोन गोष्टी मात्र आवडीनिवडीच्या पलीकडच्या आहेत. कुत्र्याचं स्पॉट-ऑन मांजराला लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि त्याने मांजराला झटके येऊन ते दगावू शकतं. कुत्रा घरात असेल आणि त्याला परमेथ्रिन लावलं असेल, तर ते सुकेपर्यंत मांजराला त्याच्या अंगाशी लोळू देऊ नका. आणि गुराढोरांचं आयव्हरमेक्टिन घरी मोजून देण्याच्या फंदात पडू नका. मांजराचा डोस किलोमागे 24 मायक्रोग्रॅम. 4 किलोच्या मांजराला 96 मायक्रोग्रॅम. गुरांच्या 1 टक्क्याच्या इंजेक्शनात 1 मिलिलिटरमध्ये 10,000 मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे तुम्हाला मिलिलिटरचा साधारण शंभरावा भाग मोजायचा आहे, तोही हलत्या मांजरासमोर. इतकं कमी औषध साध्या सिरिंजने अचूक मोजणं भरवशाचं नाही. कुठलंही औषध दिल्यावर मांजर लडखडायला लागलं, थरथरलं किंवा बाहुल्या मोठ्या झाल्या, तर सकाळची वाट न बघता व्हेटकडे न्या.

सुरू करण्याआधी एकदा तपासणी करून घेतलेली बरी. मी तर म्हणेन अँटिजेनबरोबर अँटिबॉडीचीही (शरीराने अळ्यांविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधणारी), कारण दुसरीवरून निदान अळ्यांशी गाठ पडली होती का ते कळतं. जिथे डास वर्षभर असतात तिथे औषधही वर्षभर. एखादी तारीख चुकली तर आठवल्याबरोबर द्या आणि पुढचा महिना त्या दिवसापासून मोजा.

चिंगीचं काय, हे विचाराल. ती गोळी आनंदाने खाते, तरी तिलाही मी थेंबांवरच आणलंय. कारण पिसवा एकीच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जायला वेळ लागत नाही आणि दोन मांजरांच्या दोन पद्धती, दोन तारखा माझ्याच्याने लक्षात राहत नाहीत. एकच मांजर असतं आणि ते चिंगीसारखं असतं, तर मी बहुधा गोळीवरच राहिलो असतो.

अजून ठरत नसेल तर अख्खी पेटी घेऊ नका. व्हेटकडून सुटी एकच पिपेट मिळते का विचारा आणि पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी सकाळी लावा. दिवसभर कातडी, लाळ आणि मांजराचा मूड तुमच्या नजरेसमोर राहील.