नऊ महिने मनगटावर: कौनासची थंडी, गुरुवारचं बास्केटबॉल आणि एक जीपीएस घड्याळ

ऑगस्टच्या शेवटी हे घड्याळ घेतलं तेव्हा ३४० युरो मोजले. पीएचडीच्या स्टायपेंडवर राहणाऱ्या माणसाला एवढी रक्कम पुढचे दोन महिने रोज आठवते. आता मे उजाडलाय. अकराशे किलोमीटरच्या आसपास पळणं झालंय, आणि तीसेक गुरुवार बास्केटबॉल. आता बोलायला हरकत नाही.

कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली ज्या तक्रारी आहेत त्यातल्या बहुतेक या किमतीच्या कुठल्याही पळण्याच्या घड्याळाला लागू पडतील, आणि मॉडेल तर वर्षभरात बदलतंच. मधल्या किमतीचं, पाच बटणांचं, मनगटावरून हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ, एवढं पुरे.

मी मूळची नाशिकची. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊतला दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळालं तेव्हा मी सातवीत होते, आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली महिनाभर कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ होऊन धावत होत्या. बाकीच्यांचं महिन्यात ओसरलं, माझं राहिलं. बास्केटबॉल शाळेतलं. सिमेंटचं मैदान, जाळी नसलेली लोखंडी रिंग, आणि बॉल आत गेला की नाही यावरून भांडणं. पुढे कॉलेजात ते सुटलं. इथे लिथुआनियात आल्यावर ते पुन्हा मागे लागलं, कारण कौनासमध्ये ते मागे न लागणं अवघड आहे. घड्याळ घेताना माझ्या डोक्यात दोन्ही होतं: पळणंही मोजेल, खेळही मोजेल. खोक्यावर बास्केटबॉलचं चित्रसुद्धा होतं.

आधी पळण्याचं, कारण तिथे हे घड्याळ खरंच कामाचं आहे.

अंतर चोख. नेमुनास नदीच्या काठाने, मोकळ्या आभाळाखाली, आठवड्यामागून आठवडे तोच रस्ता पळले तर फरक पडतो तो वीस-तीस मीटरचा. जुन्या गावातल्या गल्ल्यांत जरा भरकटतं, पण सान्ताकाला, म्हणजे नेमुनास आणि नेरिस यांच्या संगमावर पोचेपर्यंत सावरतं. (नाशिककराला संगम दिसला की हात आपोआप जोडले जातात. इथे संगमाला बाक आहेत, हिरवळ आहे, रामकुंडावरची गर्दी नाही.) निघण्याआधी एकदा फोनशी जोडून घेतलं तर उपग्रह दहा-पंधरा सेकंदांत सापडतात. नाही जोडलं तर हातमोजे घालून दोन-तीन मिनिटं फाटकाशी उभं राहायचं. उणे आठमध्ये दोन मिनिटं म्हणजे काय ते उभं राहिल्यावर कळतं.

त्याची गडबड होते ती अझुओलीनासमध्ये. हे शहराच्या मधोमध असलेलं ओकांचं जंगल, झाडं शेकडो वर्षांची, आणि माझ्या घरापासून चार मिनिटांवर. पानं असतात तोवर घड्याळाला तिथे नीट दिसत नाही. सप्टेंबरातल्या नकाशांवर मी सर्रास खोडांमधून आरपार गेलेय. एकदा तर जंगलाला लागून असलेल्या क्रीडा सभागृहाच्या भिंतीतून आत शिरून पलीकडच्या भिंतीतून बाहेर पडले. पानं गळल्यावर नोव्हेंबरात रेषा सरळ झाली.

ते सभागृह मात्र साधंसुधं नाही. १९३९ च्या युरोपीय बास्केटबॉल स्पर्धेसाठी ते बांधलं. त्याआधी दोन वर्षं रीगामध्ये जिंकल्यामुळे यजमानपद लिथुआनियाकडे आलं होतं. इथेही तेच जिंकले, लाटवियाला ३७–३६ असं एका गुणाने हरवून. आजच्या खेळात एका चतुर्थांशात पंचवीस-तीस गुण होतात, तिथे अख्ख्या सामन्यात सदतीस. पुढच्या वर्षी सोव्हिएत फौजा आल्या आणि देशच गेला. मग पन्नास वर्षं इथल्या माणसांनी बास्केटबॉलला इतकं घट्ट धरून ठेवलं की अजून सोडलेलं नाही. ‘क्रेप्शिनिस’ हा त्यांचा शब्द, ‘क्रेप्शिस’ म्हणजे टोपलीवरून आलेला. सोव्हिएत काळातल्या करड्या इमारतींच्या आवारात पार्किंगला जागा नसेल, पण रिंग असते. झाल्गिरिस या इथल्या बास्केटबॉल क्लबचा सामना असला की संध्याकाळी लाइस्वेस आलेया या पायी फिरायच्या रस्त्यावर हिरवे मफलरच मफलर दिसतात, आणि नदीतल्या बेटावर, जिथे त्यांचं मोठं स्टेडियम आहे, पळायला जायचं नाव काढू नये. मी एकदा काढलं. पुलावर समोरून येणाऱ्या गर्दीत माझा वेग किलोमीटरला अकरा मिनिटं झाला आणि घड्याळाने आपणहून ‘थांबलात का?’ असं विचारलं.

आता थंडी. इथे लक्ष देऊन वाचा, कारण दुकानातल्या मुलाने मला यातलं काही सांगितलं नव्हतं.

डिसेंबरात इथे पावणेनऊला उजाडतं आणि चारच्या आत अंधार होतो. म्हणजे पळणं अंधारातच. अंगावर परावर्तक लावणं गरजेचं. अंधारात रस्त्याने चालणाऱ्यांसाठी तर तसा कायदाच आहे. तापमान शून्याखाली गेलं की घड्याळाने दाखवलेल्या ठोक्यांवर विश्वास ठेवू नका. मागच्या बाजूचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची ये-जा बघून ठोके मोजतो. थंडीत शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, त्यामुळे बिचाऱ्याला बघायला काही उरत नाही. मग ते हाताच्या झोक्यालाच नाडी समजतं. मी गप्पा मारता येतील अशा वेगाने पळतेय आणि घड्याळ १७२ दाखवतंय, असं दोन आठवडे चाललं. मला हृदयविकाराची शंका येऊ लागली होती. मग लक्षात आलं की माझी मिनिटाला पावलंही १७२ च पडतात.

बर्फातलं दुसरं दुखणं अपमानास्पद आहे. वेग आणि ठोके यांच्यावरून घड्याळ तुमच्या दमाचा अंदाज बांधतं, ऑक्सिजन किती वापरता येतो तो आकडा. भुसभुशीत बर्फात वेग पडतो, ठोके चढतात. घड्याळाला बर्फ दिसत नाही. त्याला दिसते फक्त एक मंद बाई. नोव्हेंबर ते फेब्रुवारी माझा आकडा ४२ वरून ३८ वर आला, आणि शेवटी शेवटी तर उणे अकरामध्ये आठ किलोमीटर पळून दारात बूट झटकत असताना पडद्यावर शेरा यायचा: ‘अनुत्पादक’. इतका परखड शेरा माझ्या गाइडनेही कधी दिलेला नाही. एप्रिलमध्ये रस्ते कोरडे झाले, आकडा तीन आठवड्यांत ४३ झाला. म्हणजे हिवाळाभर तयारी होतच होती.

बॅटरी पळताना वीस तास चालते असं खोक्यावर लिहिलंय. उन्हाळ्यात अठरा मिळाले, तक्रार नाही. कडाक्याच्या थंडीत तेरा-चौदा. बटणं हवीतच; फक्त टचवालं घड्याळ हातमोज्यांत निरुपयोगी. सोबत आलेल्या सिलिकॉनच्या पट्ट्याने महिन्याभरात पुरळ आलं. बारा युरोंचा कापडी पट्टा घेतला, गेलं.

मग बास्केटबॉल.

दर गुरुवारी रात्री आठला आम्ही दहा-बाराजणी एका शाळेचं जिम भाड्याने घेऊन खेळतो. आमची कॅप्टन पंचावन्नची, भूगोल शिकवते. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधला कांस्याचा सामना तिने घरच्यांबरोबर बघितलेला. लिथुआनिया स्वतंत्र झाल्यावरचं पहिलंच उन्हाळी ऑलिंपिक, आणि समोर माजी सोव्हिएत देशांचा एकत्र संघ. ८२–७८ असे जिंकले. त्याआधी चार वर्षं सोलमध्ये सोव्हिएत संघाला सुवर्ण मिळालं त्या संघात साबोनिस, मार्चुल्योनिस असे चौघे लिथुआनियाचेच होते, त्यामुळे या सामन्याचं मोल सांगताना ती अजून बॉल खाली ठेवते. पायांत आता वेग नाही, पण पिव्होट, म्हणजे एक पाय रोवून घेतलेली गिरकी, अशी की तिच्यासमोर मी दर वेळी चुकीच्या बाजूला जाते.

पहिल्याच गुरुवारी तिने माझ्या मनगटाकडे बोट दाखवून सांगितलं, ‘ते काढ.’ बरोबरच आहे. दुसरीला लागेल असं काही अंगावर घालून खेळायचं नाही, हा नियम सगळीकडे आहे, आणि घड्याळाची धातूची कड कुणाच्या भुवईवर बसली तर टाकेच. खोक्यावर बास्केटबॉलचं चित्र छापणाऱ्यांनी हे कुणालाच विचारलं नसावं.

तरी मी हुशारी केलीच. घड्याळ शॉर्ट्सच्या कमरेच्या पट्टीत आतल्या बाजूने खोचलं. बास्केटबॉलच्या मोडमध्ये वेळ आणि कॅलरी सोडून काहीच दिसत नाही म्हणून ‘धावणे’ लावलं. त्या मोडमध्ये अपघात ओळखण्याची सोय आपोआप चालू असते: जोरात हालचाल, मग एकदम थांबणं, म्हणजे तुम्ही पडलात. तीस सेकंद थरथरून विचारतं, आणि तुम्ही नाही म्हटलं नाही तर फोनमधून घरच्यांना मेसेज. रिबाउंडसाठी उडी मारली, आदळले, फाउल मिळाला, फ्री थ्रोसाठी शांत उभी राहिले. आदळणं आणि थांबणं, दोन्ही झालं. कमरेतली थरथर मला कळलीच नाही.

इथे साडेआठ, म्हणजे नाशिकला रात्रीचे बारा. आपत्कालीन संपर्क म्हणून मी आईचा नंबर दिलेला. तिला इंग्रजीत मेसेज गेला की तुमच्या मुलीला अपघात झाल्याची शक्यता आहे, सोबत नकाशाची लिंक. आईने तो घरच्या ग्रुपवर टाकला. काकांनी लिंक उघडून जाहीर केलं की ती एका शाळेत आहे. आत्याने विचारलं, रात्री शाळेत काय करतेय. पुण्याच्या मावशीने कुणा ओळखीच्याचा जर्मनीतला नंबर काढला, कारण जर्मनी ‘जवळच’ आहे. मी पाणी प्यायला बॅगेशी गेले तेव्हा एकवीस मिस्ड कॉल होते.

“अगं, कुठंयस तू? हाडबिड मोडलं का?”

“आई, खेळत होते.”

“मग मेसेज कुणी केला?”

“घड्याळाने.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, “साडेतीनशे युरो देऊन हे आणलंस?”

किंमत मी ३०० सांगितली होती. तिला कुठून कळलं देव जाणे.

शेवटी उपाय निघाला तो छातीच्या पट्ट्याचा. आणखी ७० युरो गेले, पण मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, घड्याळ स्वस्तातलं घ्या आणि पट्टा चांगला घ्या. तो ठोके विजेच्या संकेतावरून मोजतो, थंडीने बिघडत नाही, टीशर्टच्या आत कुणाला लागत नाही. माझ्यावाल्यात स्मृती आहे: घड्याळ बॅगेत पडून राहिलं तरी खेळाचे आकडे नंतर त्यात उतरतात. पट्टा ओला करून बांधायचा, नाहीतर पहिली पाच मिनिटं काहीही दाखवतो. सेल आधी ‘संपत आलाय’ वगैरे न सांगता मार्चमध्ये एका गुरुवारी मेला, तेव्हा एक जास्तीचा जवळ ठेवा.

त्या आकड्यांत मला जे दिसलं त्यासाठी हे सगळं लिहायला बसले. दीड तासात ठोके १८० च्या वर निदान वीसदा जातात आणि १२० पर्यंत खाली येतात. पळण्याच्या कुठल्याही वेळापत्रकात मी स्वतःहून एवढं कठीण काही केलं नसतं. घड्याळ मात्र हा वेळ पळण्याच्या खात्यात धरत नाही. उलट शुक्रवारी सकाळी सांगतं की तुमचा भार अचानक वाढलाय, छत्तीस तास विश्रांती घ्या, आणि आठवड्याच्या आराखड्यातून शनिवारचं लांब पळणं काढून टाकतं. ऑक्टोबरभर मी त्याचं ऐकलं. नोव्हेंबरपासून शुक्रवारी विश्रांती घेते आणि शनिवारी पळते, ते काहीही म्हणो. एप्रिलच्या शेवटी दहा किलोमीटर ५४ मिनिटांत झाले. सप्टेंबरात ६१ लागली होती.

एकटीने सराव करत असाल तर घड्याळ बॉल आपटणाऱ्या हातात घालू नका. प्रत्येक ड्रिबल हे एक पाऊल धरतं. आवारातल्या रिंगखाली एका जागी उभं राहून मी एका संध्याकाळी सहा हजार पावलं चालले आणि बक्षीस म्हणून पडद्यावर फटाके उडाले. झोपेचे आकडे मी बघणं सोडलं. जूनमध्ये रात्री साडेदहालाही उजेड असतो, तेव्हा झोप कशी लागली ते मला न विचारताच माहीत असतं.

कुणी घ्यावं? बाहेर पळणाऱ्याने, रस्ते अनोळखी असतील त्याने जरूर. आल्या मार्गाने परत नेण्याची सोय अंधारात मला दोनदा उपयोगी पडली, एकदा पझाइस्लिसच्या मठापलीकडच्या झाडीत, जिथे फोन थंडीने बंद पडला होता. फक्त बास्केटबॉलसाठी मात्र घेऊ नका.

एक उणीव अजून तशीच आहे. या घड्याळाला देवनागरी येत नाही. मराठी मेसेज आला की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. अपडेट तीन आले, चौकोन राहिले. आईला इंग्रजी अक्षरांत लिही म्हटलं तर तिला ते वाचायला आणि लिहायला दोन्ही आवडत नाही. पण रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास, मी नदीकाठी असते तेव्हा, मनगट थरथरतं. चौकोनांचा एक पुंजका, मोकळी जागा, एक छोटा पुंजका, प्रश्नचिन्ह. ‘जेवलीस का?’ पुंजके तीन असले तर थांबून फोन काढते.