ऑटो-डार्क वेल्डिंग हेल्मेट: दोन सेन्सरचं की चार सेन्सरचं?

हातात धरायची काळ्या काचेची स्क्रीन सोडून ऑटो हेल्मेट (वेल्डिंगचा लख्ख आर्क पेटला की सेन्सर तो ओळखतो आणि काच आपोआप काळी होते, ते) घ्यायचं, एवढं ज्यांचं ठरलं आहे आणि आता नेमकं कोणतं घ्यायचं यावर गाडी अडली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये माझं लहानसं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. काम दोन प्रकारचं. खिडक्यांची ग्रील, गेट, पत्र्याच्या छपराचे ट्रस, हे एम.एस.चं (साध्या पोलादाचं) काम वेल्डिंग रॉडवर. आणि घोडबंदर रोडकडच्या इमारतींमध्ये जिन्याचं, बाल्कनीचं एस.एस. (स्टेनलेस स्टील) रेलिंग, ते आर्गन गॅसच्या वेल्डिंगवर. पुढचं सगळं या दोन कामांच्या अनुभवातून आलेलं आहे. तुमचं काम निराळं असेल तर तेवढी सूट देऊन वाचा.

बाजारात नावं पुष्कळ आहेत, पण ढोबळ मानाने दोनच गट पडतात. एक, हजार-दीड हजाराच्या आसपास मिळणारं: दोन सेन्सर, आत सील केलेला सेल, वर सोलरची पट्टी. दुसरं, त्याच्या चार-पाच पट किमतीचं: चार सेन्सर, बदलता येणारा सेल, ग्राइंडिंगचं बटण (ग्राइंडर मारताना काच काळी होऊ नये म्हणून असतं ते) बाहेरच्या बाजूला. याच्याही वर स्पीडग्लाससारखी हेल्मेट आहेत. हा ऑटोचा प्रकार मुळात त्यांनीच १९८१ साली स्वीडनमधून बाजारात आणला. ती उत्तमच, पण तीन-चार कारागिरांच्या वर्कशॉपला प्रत्येकाच्या डोक्यावर तसलं हेल्मेट घालणं परवडत नाही. म्हणून तुलना पहिल्या दोघांचीच.

दुकानदार सर्वांत आधी वेग सांगतो. हे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात काळं होतं, ते पंचवीस हजाराव्या. मी दोन्ही वापरली आहेत आणि आर्क पेटताना माझ्या डोळ्याला त्यात फरक जाणवला नाही. ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती काळं होण्याची नव्हे, नको तेव्हा उघडण्याची, म्हणजे काळी काच मधेच परत फिकी होण्याची.

बाल्कनीच्या रेलिंगचा खालचा जॉइंट डोळ्यांसमोर आणा. कारागीर उकिडवा बसलेला, मान वाकडी, दोन उभ्या पाइपांच्या फटीतून तो आर्ककडे बघतोय. त्याच्या डोळ्याला जॉइंट स्वच्छ दिसतो. पण सेन्सर असतो डोळ्याच्या दोन-तीन बोटं वर किंवा खाली, आणि त्याच्या बरोबर समोर पाइप येतो. दुसरा सेन्सर फिलरची तार धरलेल्या हाताच्या आड जातो. त्यात आर्गनचा आर्क मुळात शांत. दीड एम.एम.च्या पाइपला ४०-५० अँपिअर पुरतात, तेवढ्यात रॉडसारखा भडका नसतो. दोन्ही सेन्सर आड गेले की आतल्या सर्किटला वाटतं आर्क विझला. डिले (आर्क विझल्यावर काच जितका वेळ काळी राहते ती वेळ) संपतो आणि काच उघडते. आर्क मात्र चालूच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. चांगल्या फिल्टरमध्ये (काळ्या होणाऱ्या काचेलाच फिल्टर म्हणतात) यूव्ही आणि आयआर, म्हणजे आर्कचे डोळ्यांना न दिसणारे घातक किरण, अडवणारा थर कायम काम करत असतो. काच उघडी असो, काळी असो, सेल संपलेला असो, तो थर तिथेच असतो. त्यामुळे रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायची वेळ अशा एखाद्या उघडण्याने सहसा येत नाही. (आणि तशी वेळ आलीच तर चकत्यांवर न थांबता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.) पण डोळ्यांना दिसणारा उजेड पूर्ण येतो. उघड्या काचेचा नंबर ३ किंवा ४ असतो, काम चाललेलं असतं १० वर (नंबर जितका मोठा तितकी काच गडद). अंधारातून थेट लख्ख प्रकाशात डोळे गेले की डाग नाचायला लागतात आणि वितळलेला धातू दिसेनासा होतो.

नुकसान तिथेच सुरू होतं. माणूस दचकतो. हात पाव सेंटिमीटर खाली गेला तरी आर्गनच्या टॉर्चच्या टोकाचं टंगस्टन वितळलेल्या रसात बुडतं. मग थांबा, टंगस्टन काढा, टोक पुन्हा घासा, जॉइंटवर लागलेला काळा डाग ग्राइंडरने काढा आणि परत सुरू करा. पाइपच्या जॉइंटवर मधेच थांबून परत सुरू केलेली जागा बफिंगनंतरही ओळखू येते. ज्याच्या घरचं रेलिंग आहे तो माणूस सकाळचा चहा घेऊन रोज त्यावरच हात ठेवणार असतो, त्याला ती जागा बरोबर दिसते.

त्याहून मोठं नुकसान मला वेगळं वाटतं. माझ्याकडचे सगळ्यांत जुने कारागीर, आम्ही त्यांना मामा म्हणतो, एकदा-दोनदा काच अशी उघडली की "दादा, हे परत उघडलं" म्हणून हेल्मेट बाजूला ठेवायचे आणि जुनी हातातली स्क्रीन उचलायचे. एका हातात स्क्रीन गेली की फिलर धरायला हात उरत नाही. मग टॅक (जोड जागेवर धरणारा वेल्डिंगचा छोटा ठिपका) मारताना नुसते डोळे मिटून घेणं सुरू होतं. ज्या वस्तूने डोळे वाचायचे त्या वस्तूवरचा कारागिराचा विश्वासच उडाला, तर ती घेऊन उपयोग काय? माझा पैसा कुठे गेला यापेक्षा हा प्रश्न मला जास्त लागला.

तुम्ही म्हणाल, डिले वाढवा. बरोबर आहे, डिले एक सेकंदाच्या जवळ नेला तर सेन्सरवर क्षणभर आलेली आड निभावून जाते. पण हेच हेल्मेट दुपारी ग्रीलच्या कामाला घ्या. ग्रीलमध्ये टॅकवर टॅक असतात. प्रत्येक टॅकनंतर सेकंदभर अंधारात थांबायचं म्हटलं की कारागीर वैतागतो आणि हेल्मेट वर करून टाकतो. मग सेन्सिटिव्हिटी, म्हणजे सेन्सर किती कमी उजेडाला दाद देतो ते, वाढवा म्हणाल. तीही करून पाहिली. गच्चीवर उन्हात चकचकीत एस.एस. पाइपवरून आलेली तिरीप किंवा शेजारी दुसऱ्याने मारलेला आर्क, एवढ्यानेही काच काळी होते आणि समोरचा जॉइंट कुठे आहे ते दिसत नाही. ही दोन्ही बटणं सेन्सरची उणीव थोडीफार झाकतात, भरून काढत नाहीत. चार सेन्सरच्या हेल्मेटमध्ये चारही एका वेळी आड जाणं फार कमी होतं, आणि चारांतला एक जरी आर्क बघत असला तरी काच काळीच राहते. माझ्याकडे रेलिंगच्या कामात मधेच उघडण्याची तक्रार त्यानंतर जवळजवळ थांबली. जवळजवळ म्हणतोय, कारण जिन्याच्या वळणावर पार खाली झोपून काम करायचं असेल तर अजूनही क्वचित होतं.

मिलर कंपनीच्या काही हेल्मेटमध्ये उजेडाऐवजी वेल्डिंगच्या करंटभोवतीचं चुंबकीय क्षेत्र ओळखण्याची सोय असते. तिथे सेन्सर झाकले जाण्याचा प्रश्नच येत नाही आणि उन्हाचाही त्रास नाही. पाइपलाइनवाल्यांना ती सोय मोलाची ठरेल. माझ्या कामाला चार सेन्सर पुरले, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

आता दोन सेन्सरवाल्याची बाजूही मांडायला हवी, कारण ते वाईट नाही. ज्यांचं सगळं काम रॉडवर आहे, टेबलावर किंवा उभ्याने ग्रील जोडायची आहे, त्यांनी चौपट पैसे कशासाठी घालायचे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. १० नंबर किंवा १२ नंबरच्या रॉडचा (हा नंबर रॉडच्या जाडीचा, काचेचा नव्हे) आर्क एवढा भडक असतो की भिंतीवरून परतलेला उजेडही सेन्सरला पुरतो. रॉडला ६० ते १६० अँपिअरपर्यंत साधारण १० नंबरची काच चालते, आणि दोन्ही गटांतली बहुतेक हेल्मेट ९ ते १३ देतात, त्यामुळे तिथेही अडत नाही. हेल्परला टॅक धरायला द्यायला, साइटवर जास्तीचं म्हणून ठेवायला स्वस्तातलं बरं पडतं. आमच्याकडे ग्रीलच्या टेबलाजवळ आजही एक लटकलेलं आहे आणि रोज वापरात आहे.

त्याचा खरा कमकुवतपणा सेलमध्ये आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात सोलर लिहिलेलं असतं, पण बऱ्याच हेल्मेटमध्ये आत एक सेलही असतो. तो सील केलेला असला तर संपल्यावर आख्खा फिल्टर फेकावा लागतो. पावसाळ्यात काम मंदावतं, हेल्मेट कपाटात महिनाभर अंधारात पडतं, आणि मग बाहेर काढल्यावर पहिल्या एक-दोन आर्कला ते आळसावल्यासारखं वागतं, असं आमच्याकडे झालेलं आहे. बदलता येणारा सेल बहुधा सीआर२०३२ किंवा सीआर२४५० असतो. सीआर२०३२ तर घड्याळजीकडेही मिळतो. साइटवर निघताना एक जास्तीचा खिशात टाकला की झालं.

काचेतून दिसतं कसं, याबद्दल थोडं. बऱ्याच फिल्टरवर युरोपच्या ईएन ३७९ या जुन्या प्रमाणाचे आकडे असतात. ४/९-१३ म्हणजे उघडी असताना ४ नंबर, काळी झाल्यावर ९ ते १३. पुढे १/१/१/२ अशी मालिका असते, १ सगळ्यांत चांगला आणि ३ सगळ्यांत कमी. पहिले तीन आकडे स्पष्टपणा, धूसरपणा आणि काळेपणाचा एकसारखेपणा यांचे. रेलिंगवाल्याने चौथा बघावा. तो तिरकं पाहिल्यावर काच किती सारखी दिसते ते सांगतो, आणि आपण सरळ कधी बघतो? चौथा आकडा ३ असेल तर मान वाकडी केली की काचेची एक बाजू गडद, दुसरी फिकी दिसते. ज्या फिल्टरवर कोणत्याच प्रमाणाचे आकडे नाहीत ते हेल्मेट मी कितीही स्वस्त मिळालं तरी घेणार नाही, कारण मग वर सांगितलेल्या यूव्हीच्या थराचाही भरवसा राहत नाही.

महागड्यांपैकी काहींमध्ये हिरव्याऐवजी नैसर्गिक रंगात दिसतं. आर्गनवाल्याला त्याचा फायदा होतो. टॉर्च उचलल्यावर एस.एस.चा रंग सोनेरी आला की निळा-करडा झाला, हे हेल्मेट न काढता कळतं आणि हीट जास्त होतेय हे पुढच्या जॉइंटआधी लक्षात येतं. रॉडवाल्याला जॉइंटवर जमलेल्या स्लॅगच्या कवचाखाली तसंही काही दिसत नाही.

बाहेरचं ग्राइंड बटण मात्र दोन्ही कामांत उपयोगी. आतलं बटण दाबायला हातमोजा काढा, हेल्मेट वर करा, बटण शोधा, इतके सोपस्कार असतील तर कारागीर ग्राइंडर मारताना ते दाबत नाही. बटण बाहेर असलं की मोज्यासकट दाबतो. परत वेल्डिंगला लागताना ते बंद करायची सवय मात्र पहिल्या आठवड्यातच लावून घ्यावी लागते. ग्राइंड मोडमध्ये आर्क पेटला तर काच काळी होतच नाही.

चार सेन्सरवाल्याचाही एक त्रास आहे, तो लपवणार नाही. बाहेरची साधी संरक्षक काच. हातातल्या स्क्रीनची सव्वाचार बाय दोन इंची काच ठाण्यात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. या हेल्मेटची काच मोठी आणि ज्या-त्या कंपनीच्या मापाची. ग्राइंडरच्या चिंगाऱ्यांनी ती लवकर खरबरीत होते, आणि खरबरीत काचेतून बघितलं की चांगला फिल्टरही धूसर वाटतो. आमच्याकडे एकदा काच संपली, गल्लीत त्या मापाची मिळाली नाही आणि मागवलेली येईपर्यंत पंचाईत झाली. त्यामुळे हेल्मेट घेतानाच, त्याच बिलात, पाच-दहा काचा घेऊन ठेवा. ज्या दुकानात त्या काचा शेल्फवर दिसत नाहीत तिथून हेल्मेट घेऊ नये असं माझं मत झालं आहे. मग ते वागळे इस्टेटमधलं असो, रबाळ्याचं असो की नागदेवी स्ट्रीटवरचं.

दुकानात लायटर पेटवून काच काळी झालेली दाखवतात. त्यातून हेल्मेट चालू आहे एवढंच कळतं. त्यापेक्षा ते दुकानाच्या बाहेर घेऊन या. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवा, डिले अगदी कमी करा आणि हेल्मेट हातात धरून काचेवर तिरकं ऊन पडू द्या. सूर्याकडे काचेतून बघू नका, बाजूने बघा. काच काळी झाली की एकेक सेन्सर बोटाने झाका. शेवटचा एक उघडा असेपर्यंत काच काळीच राहायला हवी, आणि प्रत्येक सेन्सरला शेवटचा ठेवून हे परत करा. एखाद्याच्या पाळीला काच उघडली तर तो सेन्सर नावापुरता आहे. दुकानदार घाई करेल, करू द्या. जमलं तर आपला आर्गनचा कारागीर सोबत न्या आणि हेल्मेट त्याला घालून उकिडवं बसायला सांगा. मान खाली घातल्यावर हेल्मेट छातीला टेकत असेल तर जिन्याच्या खालच्या जॉइंटला ते टेकणारच, आणि टेकलं की फिल्टर वर सरकून त्याची नजर कडेवर येते. बेल्टची मागची पकड एक खाच घट्ट करून बघा. तरीही टेकत असेल तर त्याच किमतीतलं दुसऱ्या ठेवणीचं मागून घ्या.