‘रेफरन्स फेल झाला’ एवढ्यावरून होल्डिंग डिपॉझिट जात नाही

इंग्लंडमध्ये नोकरीसाठी नव्याने आलेल्या कुटुंबांकडून भाड्याच्या घरापायी पैसे कसे काढले जातात, हे आमच्या बाबतीत घडलं तसं लिहिते आहे. खोटी जाहिरात, परदेशात असल्याचं सांगणारा घरमालक, घर न दाखवताच मागितलेले पैसे, असल्या फसवणुकीबद्दल बहुतेकांनी ऐकलेलं असतं. आमच्याकडून पैसे घेणारी एजन्सी खरी होती. हमरस्त्यावर ऑफिस, दारावर पाटी, आत काम करणारी माणसं. फ्लॅटही खरा होता, आम्ही तो आत जाऊन पाहिला होता. असा खरेपणा समोर असला की संशय येत नाही, म्हणूनच हा प्रकार जास्त लोकांना कळायला हवा.

माझ्या नवऱ्याला पुण्याच्या कंपनीने रेडिंगला पाठवलं. स्टेशनपासून चालत जाता येईल असा दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडं महिन्याला १३०० पौंड. एजंट म्हणाला, बघायला रांग लागली आहे, आज होल्डिंग डिपॉझिट (घर आपल्यासाठी राखून ठेवायची रक्कम) भरलं तर जाहिरात काढून घेतो. त्याने आकडे मेलवर पाठवले: होल्डिंग डिपॉझिट ५०० पौंड आणि आम्हा दोघांच्या रेफरन्सिंगचे, म्हणजे भाडेकरू म्हणून चौकशीचे, प्रत्येकी ७५. म्हणजे ६५० पौंड, आपले सत्तर हजारांच्या वर. त्याच दिवशी भरले.

पुण्यात घर घेताना टोकन द्यायचं, मग एक महिन्याचं भाडं ब्रोकरला, ॲग्रीमेंटचा आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा खर्च वेगळा, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली असते. त्यामुळे ‘रेफरन्सिंग फी’ ऐकून आपल्यापैकी कुणाला काही खटकत नाही. इंग्लंडमध्ये ती बेकायदा आहे. १ जून २०१९ पासून इथे टेनंट फीज ॲक्ट लागू आहे. रेफरन्स, क्रेडिट चेक, ॲडमिन, इन्व्हेंटरी यांपैकी कशाचेही पैसे भाडेकरूकडून घेता येत नाहीत. तो खर्च मालकाचा किंवा एजन्सीचा. होल्डिंग डिपॉझिट घेता येतं, पण जास्तीत जास्त एका आठवड्याच्या भाड्याएवढं. आठवड्याचं भाडं काढताना महिन्याच्या भाड्याला बाराने गुणून बावन्नने भागायचं. १३०० पौंडांवर ते बरोबर ३०० येतं. आमच्याकडून त्यावर २०० जास्त घेतले आणि दीडशे तर घेण्याचा हक्कच नव्हता.

तरीही खरी गोम पुढे होती.

इथे भाडेकरूची चौकशी बहुधा वेगळी रेफरन्सिंग कंपनी करते. पगार, नोकरी, आधीचा घरमालक, क्रेडिट हिस्ट्री बघते. सर्वसाधारण हिशोब असा की वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या तीसपट तरी हवं, म्हणजे आमच्या बाबतीत ३९ हजार पौंड. नवऱ्याचा मूळ पगार ३६ हजार आणि डेप्युटेशनचा भत्ता धरून एकूण ४२. फॉर्मवर ‘एकूण वार्षिक उत्पन्न’ विचारलं होतं म्हणून आम्ही ४२ लिहिलं आणि दोन्ही आकडे वेगवेगळे दाखवणारं कंपनीचं पत्र सोबत जोडलं. रेफरन्सिंग कंपनीच्या मेलला एचआरने उत्तर देताना फक्त मूळ पगार कळवला. आणि क्रेडिट हिस्ट्री? नुकत्याच विमानातून उतरलेल्या माणसाची ती असणार कुठून.

एजंटचा फोन आला की रेफरन्स फेल झाला आहे. आता दोनच वाटा: सहा महिन्यांचं भाडं, म्हणजे ७,८०० पौंड, एकदम भरा, नाहीतर घर विसरा. आम्ही नाही म्हणालो. मग होल्डिंग डिपॉझिटचं विचारलं तर म्हणाला, “ते आता मिळणार नाही, तुम्ही उत्पन्न चुकीचं सांगितलंत.” पगाराच्या बाबतीत आयुष्यात खोटं न बोललेल्या माझ्या नवऱ्याला ते फार लागलं. परक्या देशात, व्हिसावर असताना कुणी ‘खोटी माहिती दिली’ म्हटलं की माणूस घाबरतो आणि पैसे सोडून द्यायला तयार होतो. मला ठाम वाटतं की ही भीती एजंटला पुरती माहीत होती.

कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. होल्डिंग डिपॉझिट ठेवून घ्यायला मोजकीच कारणं चालतात: भाडेकरूने स्वतःहून माघार घेतली, तो राइट टू रेंटच्या (इंग्लंडमध्ये घर भाड्याने घेण्याच्या हक्काच्या) तपासणीत बसला नाही, त्याने खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली, किंवा करार पुरा करण्यासाठी करायला हवं ते केलं नाही. ‘रेफरन्स फेल’ हे त्यांत स्वतंत्र कारण नाही. माहिती खरी दिली आणि तरीही मालकाला उत्पन्न कमी वाटलं, क्रेडिट हिस्ट्री नाही म्हणून त्याने नकार दिला, तर तो त्याचा निर्णय, आणि त्या निर्णयापासून सात दिवसांत पैसे परत करावे लागतात. ठेवून घ्यायचे असतील तर कारण सात दिवसांत लेखी कळवावं लागतं. आम्हाला फक्त फोन आला होता.

दरम्यान फ्लॅटची जाहिरात पोर्टलवर होती तशीच होती, एक दिवसही निघाली नव्हती. मी इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, तेव्हा कोल्हापूरच्या एका ताईंचा निरोप आला. तोच रस्ता, तीच बिल्डिंग, तोच फ्लॅट. त्यांनी आमच्या आधी होल्डिंग डिपॉझिट भरलं होतं. ‘मालकाने दुसऱ्या कुणाला तरी घर दिलं’ असं त्यांना सांगितलं होतं आणि पैसे ‘प्रोसेसमध्ये’ होते. एका घरावर एकाचं डिपॉझिट हातात असताना दुसऱ्याकडून घेता येत नाही. आम्ही पैसे भरले तेव्हा त्यांचे एजन्सीकडेच पडून होते. आणखी किती जणांचे होते कोण जाणे.

आम्ही फोन बंद केले आणि सगळं मेलवर आणलं. टेनंट फीज ॲक्टचा उल्लेख, भाड्याचा हिशोब, कंपनीचं पत्र, जाहिरातीचे तारखेसह स्क्रीनशॉट, बँकेच्या पावत्या, आणि ताईंच्या परवानगीने त्यांचीही पावती. वर ‘औपचारिक तक्रार’ असं स्पष्ट लिहिलं. याला महत्त्व आहे, कारण इंग्लंडमधल्या प्रत्येक लेटिंग एजन्सीला प्रॉपर्टी ओम्बड्समन किंवा प्रॉपर्टी रिड्रेस यांपैकी एका तक्रार-निवारण योजनेचं सभासद असावं लागतं, आणि तिथे जाण्याआधी एजन्सीला उत्तरासाठी आठ आठवडे द्यावे लागतात. ती मुदत औपचारिक तक्रारीपासून मोजतात, फोनवरच्या भांडणापासून नाही.

आधी ३५० पौंड आले, ‘सद्भावना म्हणून’. कायद्याने घेताच न येणारे पैसे परत करण्यात सद्भावना कसली? उरलेल्या ३०० साठी एक कागद आला: सही करा, कुठेही तक्रार करणार नाही असं मान्य करा, मग देतो. सही केली नाही. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून प्रकार नोंदवला, तिथून माहिती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या ग्राहक-संरक्षण विभागाकडे जाते. हे एजन्सीला कळवलं, आणि उरलेले पैसे कागदाशिवाय जमा झाले. ते झाले नसते तर फर्स्ट-टियर ट्रायब्युनल या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायची तयारी होती. बेकायदा घेतलेली फी परत मिळवायला भाडेकरू तिथे जाऊ शकतो.

घर शोधत असाल तर पैसे भरण्याआधी मेलवर तीन गोष्टी विचारा: ही रक्कम नेमकी कशाची, ती कधी परत मिळेल आणि करार कधीपर्यंत होईल. वेगळी तारीख लेखी ठरली नसेल तर ही मुदत पैसे दिल्यापासून पंधरा दिवसांची असते. पगारात भत्ता असेल तर फॉर्मवर मूळ पगार आणि भत्ता वेगळे लिहा, आणि रेफरन्सिंगचा मेल येणार आहे हे एचआरला आधी सांगून ठेवा. एजन्सी कोणत्या रिड्रेस योजनेत आहे, भाडेकरूंच्या पैशांना कोणतं संरक्षण आहे आणि ती कोणते पैसे आकारते, हे ऑफिसात आणि वेबसाइटवर लावणं तिला बंधनकारक आहे, ते शोधा. सहा महिन्यांच्या आगाऊ भाड्याची मागणी तर आता चालणारच नाही. रेंटर्स राइट्स ॲक्टनुसार १ मे २०२६ पासून होणाऱ्या नव्या करारांत एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही, आणि तेही करारावर सह्या झाल्यावरच. हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत, तिथे राहणाऱ्यांनी तिथले बघावेत.

कोल्हापूरच्या ताई आता मँचेस्टरला गेल्या आहेत. त्यांचे ३०० पौंड अजून आलेले नाहीत. ‘जाऊ दे, बाळ लहान आहे, कोण मागे लागणार,’ असं त्या म्हणत होत्या. आमच्या तक्रारीच्या मेलचा मसुदा मी त्यांना पाठवला, त्यांनी नाव-तारखा बदलून तो एजन्सीला धाडला. आठ आठवडे संपले की त्यांचं प्रकरण ओम्बड्समनकडे जाईल, कागद तयार आहेत. तोच मसुदा कुणाला हवा असेल तर मागा, मी पाठवते.